जोहडावरचं शीड

मार्च लागला की दिल्लीत पश्चिमेचा वारा सुटतो आणि माझं डोकं फिरतं. मुनिरकेच्या आमच्या गल्लीत वारा सरळ येऊच शकत नाही. समोरासमोरच्या बाल्कन्या इतक्या जवळ आल्या आहेत की तो वरून घसरतो, वायरींच्या जाळ्यात अडकतो, कुणाचा तरी टॉवेल पाडतो आणि मग माझ्या खिडकीवर आपटतो. खालच्या खोलीतली मुलगी बोर्डाच्या परीक्षेसाठी घोकते आहे. रोज संध्याकाळी तेच उत्तर, आणि त्याच जागी अडखळते. मोठ्या रस्त्यावर सेमलची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, लाल, जाड पाकळ्यांची फुलं पडतात आणि बसच्या चाकांखाली त्यांचा लगदा होतो. लोकांना हा ऋतू आवडतो. थंडी सरलेली, उन्हाळ्यातली लू अजून दूर. वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत त्याच्यावर हळुवार लेख येतात.

मला त्याच्यावर हळुवार लिहिता येत नाही. या वाऱ्यात मी होडी चालवली आहे, आणि जिथे ती चालवली तिथे आता मोटारी उभ्या असतात.

दिल्लीत होडी म्हटलं की ऐकणारा हसतो. त्याच्या डोळ्यांसमोर बदकाच्या आकाराची, पायाने हाकायची बोट येते आणि तिच्यात बसलेलं नवविवाहित जोडपं. आमची होडी तसली नव्हती. तिला डोलकाठी होती, सुकाणू होतं, शीड होतं. ती वाऱ्यावर चालायची, आणि वारा पडला की वल्ही मारत काठाला आणावी लागायची.

ती बाबांनी बांधली होती. बाबा वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका खाडीकाठचे. सरकारी नोकरी लागली म्हणून दिल्लीला आले, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला, फाइलींवर टिपणं लिहीत सेक्शन ऑफिसर झाले. समुद्राबद्दल घरात कधी बोलले नाहीत. मला समुद्र माहीत होता तो गावाहून येणाऱ्या सोड्यांच्या पुडीच्या वासापुरता. मी दहावीत होते त्या हिवाळ्यात त्यांनी एके दिवशी क्वार्टरच्या मागच्या अंगणात फळ्या आणून टाकल्या.

आईने स्वयंपाकघराच्या जाळीतून विचारलं, "हे काय आता?"

"होडी."

"अच्छा. आणि चालवणार कुठे? नळाखाली?"

चालवायला जागा मिळाली होती. द्वारकेत तेव्हा नुसते सेक्टरांचे नंबर होते, माणसं यायची होती. खांब, सळ्या, धूळ, मधेच एखादी तयार झालेली आणि रिकामी उभी असलेली इमारत. दिल्लीतल्या मराठी नोकरदारांनी मिळून एक हाउसिंग सोसायटी काढली होती, तिला तिथे प्लॉट मिळाला होता आणि बाबा बांधकाम समितीवर होते. दर रविवारी स्कूटरवरून ते 'साइट' बघायला जायचे. त्या साइटच्या मागे जोहड होता. जोहड म्हणजे गावतळं. ज्या गावाची जमीन घेऊन सेक्टर आखले, त्या गावाचं. एका बाजूला विटांचा जुना घाट, एका बाजूला पिंपळ, आणि पावसाळ्यात साठलेलं पाणी मार्चपर्यंत टिकलेलं. अर्धा जोहड आमच्या प्लॉटच्या हद्दीत येत होता. उरलेला अर्धा गावाचा, म्हणजे नव्या नकाशात कुणाचाच नाही.

बाबांनी ते पाणी पाहिलं आणि त्यांच्यात काय हललं ते मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही. पण कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून डोलकाठीसाठी देवदाराचा सोट निवडताना मी त्यांच्याबरोबर होते. दुकानदार एकेक लाकूड पुढे करत होता आणि बाबा प्रत्येकाला डोळ्याशी लावून लांबवर बघत होते, मान हलवून परत देत होते. ऑफिसला जाणारा, डबा आणि छत्री सांभाळणारा माणूस हा नव्हे, असं मला वाटलं होतं. त्या हिवाळ्यात ते मला फार आवडले. रागाच्या लेखात हे लिहायला नको, पण ते खरं आहे, आणि राग त्याच्यावरच उभा आहे.

शीड आईने शिवलं. आई टेलिफोन खात्यात होती आणि युनियनमध्येही होती. खरं म्हणजे युनियनमध्ये होती आणि उरलेल्या वेळात टेलिफोन खात्यात. मी पत्रकांवर वाढले असं म्हणते ते अलंकारिक नाही. आमच्या दिवाणाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे, जेवताना ताटाखाली पत्रक असायचं, मला पहिली अक्षरं लागली ती पत्रकांच्या मथळ्यांवरून. 'हे कुणासाठी?' 'आता नाही तर केव्हा?' नवं आर्थिक धोरण या शब्दांनी मला लहानपणी तशी भीती वाटायची जशी इतर मुलांना बागुलबुवाची. मोर्च्यांचे जुने कापडी फलक कपाटावर पडले होते, ते आईने उसवले, दुहेरी केले आणि मशीनवर घातले. बाबांनी कीकराची, म्हणजे बाभळीची, साल आणून मोठ्या पातेल्यात उकळली आणि त्या पाण्यात कापड भिजवलं, कुजू नये म्हणून. लाल रंग तपकिरी झाला. घोषणांची अक्षरं मात्र पुरती गेली नाहीत. ऊन मागून आलं की शीडाच्या पोटात 'ज़िंदाबाद'चा अर्धा तुकडा दिसायचा, उलटा.

त्या शीडाची रीत मला अजून हातांत पाठ आहे. शीड चौकोनी, पण वरून तिरकं. त्याच्या वरच्या कडेला एक काठी बांधलेली असते, तिला परबाण म्हणतात. ती डोलकाठीवर मधोमध लटकत नाही. थोडा भाग पुढे, जास्त भाग मागे, आणि मागचं टोक आकाशाकडे उचललेलं. शीड वर चढवायचा दोर वाऱ्याच्या बाजूला बांधायचा, कारण तोच डोलकाठीला धरून ठेवतो. आमच्या होडीत दुसरा आधार नव्हता. खालचा पुढचा कोपरा होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, अडकवायचा. मागच्या कोपऱ्याचा दोर हातात. तो ओढला की वेग, सोडला की शीड फडफडतं आणि होडी श्वास टाकते.

आणि वळायचं असेल तर शीड उतरवावं लागतं. हे लोकांना खरं वाटत नाही. शीड डोलकाठीच्या एका बाजूला असतं. होडी वळली की वारा दुसऱ्या बाजूने येतो आणि शीड डोलकाठीवर दाबलं जातं, त्याच्या पोटाला घडी पडते, होडी चालते पण रडत चालते. म्हणून प्रत्येक वळणाला शीड खाली घ्यायचं, काठीसकट पलीकडे न्यायचं, दोर सोडून दुसऱ्या अंगाला बांधायचा आणि पुन्हा चढवायचं. हे सगळं होडीचा वेग मरायच्या आत. छोट्या जोहडात वळण लगेच येतं. मी घामाने भिजायचे.

"एवढी मेहनत कशाला? असंच राहू दे की दाबलेलं," मी एकदा म्हटलं.

"राहू दे म्हणणाऱ्यांनी बदक चालवावं," बाबा म्हणाले.

घाटावर म्हशी धुवायला रामरती नावाची एक बाई यायची, गावातली, माझ्या आईच्या वयाची. ती आम्हाला पाहून पोट धरून हसायची. "ऐ छोरी," ती पाण्यापलीकडून ओरडायची, "तेरे बाप नै दहेज मैं नाव दे राखी सै के? ससुराल न्यू ही जावैगी, तिरती तिरती?" हुंड्यात होडी आणि तिच्यातून तरंगत सासरी, या चेष्टेने मी लाजायचे. बाबा मात्र हसून तिला हात करायचे. तिच्या म्हशींना भिऊ नको असं तिने सांगितलं होतं, पण म्हशीच आमच्या शीडाला भ्यायच्या.

परीक्षा तोंडावर होती. आईचा विरोध होता. बाबा म्हणायचे, "तासभर हवा खाऊन येऊ दे, डोकं चालेल." आणि डोकं खरंच चालायचं. वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही, त्याला तिरकं कापत, एकदा या अंगाने, एकदा त्या अंगाने पुढे सरकायचं, हे मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा हातातल्या दोराने आधी शिकवलं.

मागच्या महिन्यात मी गुडगावच्या रस्त्यावर बसमधून एक भलंमोठं होर्डिंग पाहिलं. नवी इमारत, निळं पाणी, पाण्यावर पांढऱ्या शीडाची होडी आणि तिच्यात पांढऱ्या कपड्यांतलं कुटुंब. त्या चित्रात शीड डावीकडे फुगलेलं होतं आणि डोलकाठीवरचा झेंडा उजवीकडे उडत होता. एकाच होडीत दोन वारे! बसमध्ये मी मोठ्याने हसले, शेजारच्या बाईंनी पर्स जवळ ओढली. मग हसू गेलं. खाली अरवलीची टेकडी खणून ठेवलेली, पाणी टँकरने येतं, आणि विकतात काय, तर होडी. ज्यांनी पाणी बुजवलं त्यांनाच पाण्याचं चित्र लावायला लागतं. बरं, ते चित्र काढणाऱ्याला निदान वारा कुठून येतो हे माहीत नव्हतं. त्याला मी माफ करते.

माझ्या परीक्षेच्या तोंडावर सोसायटीची सभा झाली ती अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर. प्लास्टिकच्या खुर्च्या, स्टीलच्या ग्लासांतून चहा, आणि कुणीतरी घरून केलेली साबुदाण्याची खिचडी. सेक्रेटरी गुप्ते काका उभे राहिले. सज्जन माणूस, गणेशोत्सवात आम्हा मुलांची नाटकं तेच बसवायचे. ते म्हणाले की जोहडामुळे तळघराला ओल येणार, डास होणार, आणि गाड्या लावायला जागा पुरणार नाही. शेजारच्या दोन सोसायट्या तयार आहेत. भराव टाकून घेऊ.

"पण तो गावाचा आहे ना?" एका बाईंनी विचारलं.

"वहिनी, गाव आता रेकॉर्डवर कुठे आहे?" गुप्ते काका हळूच म्हणाले, जणू एखाद्या मयताची बातमी देताहेत.

मी पत्रक लिहून आणलं होतं. रात्री जागून नव्हे; दुपारी, गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर, आणि आईच्या ऑफिसच्या चक्रमुद्रण यंत्रावर प्रती काढून. मथळा होता, 'हे पाणी कुणाचं?' मी ते उभी राहून वाचलं. गावाची जमीन गेली, आता पाणीही जाणार. रामरतीच्या म्हशी कुठे जाणार. आपण घर बांधायला आलो की गाव पुसायला? वाचून झालं आणि टाळ्या पडल्या.

खरंच, टाळ्या. "काय सुंदर लिहितेस गं! आणि दिल्लीत वाढूनही इतकं शुद्ध मराठी!" "वक्तृत्व स्पर्धेला पाठवा हिला, बिल्कुल पहिली येईल." एक काका येऊन पाठीवर थाप मारून गेले. कुणीही मला खोडलं नाही. खोडलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. माझ्याकडे उत्तरांची मोळी होती. त्यांनी पत्रकाची घडी करून त्यावर खिचडीची बशी ठेवली आणि गुप्ते काका म्हणाले, "बरं, तर मग हात वर करू या."

मी बाबांकडे पाहत होते. त्या हाताने देवदाराचा सोट तोलला होता, त्या हाताने मला दोराची गाठ शिकवली होती. तो हात वर गेला. फार वर नाही, खांद्यापर्यंत. आईने हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही. ती साडीचा पदर नीट करत राहिली. ज्या बाईने शहरातल्या रस्त्यांवर आयुष्यभर मूठ आवळून हात वर केले, तिला त्या दिवशी पदराचं काम निघालं.

घरी आल्यावर मी जेवले नाही. "तुम्ही हात कसा वर केलात?" मी बाबांना विचारलं.

"वाऱ्याच्या तोंडावर होडी जात नाही, बाळा. तूच शिकलीस ना? तिरकं जावं लागतं."

"तिरकं जाताना कुठे पोचायचं ते आधी ठरलेलं असतं ना पण? तुमचं कुठे ठरलंय?"

आई ओट्याशी होती, वळली. "रिटायर झाल्यावर हे क्वार्टर सोडावं लागतं, ठाऊक आहे ना? मग कुठे जायचं? तुझ्या पत्रकात राहायचं? त्याला छप्पर आहे का?"

"तुझ्या पत्रकांना होतं?"

आईने पोळी तव्यावर टाकली. ती करपेपर्यंत तिने उलटली नाही.

मला ते वाक्य तेव्हा जिंकल्यासारखं वाटलं होतं. आजही मागे घेत नाही. घर हवं असणं गुन्हा नाही, हे मला कळतं. भाड्याच्या खोलीत राहून चांगलंच कळतं. पण त्या वर्षांत आमच्या सगळ्या घरांत हेच चाललं होतं. सगळे म्हणत होते, आम्ही फक्त वळतोय. काळ बदलला, वारा बदलला, जरा शीड खाली घेतोय. वळताना ते खाली घ्यावंच लागतं, मी नाकारत नाही. पण पलीकडे नेऊन पुन्हा चढवलं कुणी? युनियनच्या ऑफिसातले काका शेअर घेऊ लागले, पत्रक छापणारे लग्नपत्रिका छापू लागले, आणि शीड तसंच होडीच्या तळाशी गुंडाळलेलं राहिलं. उघड्या काठीची होडी वारा नेईल तिकडे जाते. आत बसलेला माणूस मात्र सुकाणू धरून बसतो आणि वाटतं त्याला, आपणच नेतोय.

सामाजिक शास्त्रांचा पेपर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी भराव सुरू होणार होता. होडी काढून आणू या, असं बाबा म्हणाले. स्कूटरवर मी त्यांच्यामागे बसले, त्यांना न धरता. जोहडाच्या काठाला ट्रॅक्टरांची रांग होती, मागे ट्रॉल्यांत दिल्लीतल्या कुठल्या कुठल्या पाडलेल्या घरांचा मलबा. रंगवलेल्या भिंतींचे तुकडे, फरशा, एका तुकड्यावर देवाचा कोनाडा. ट्रॅक्टर गावचेच होते. शेती गेल्यावर त्यांना दुसरं काम उरलं नव्हतं. रामरती घाटावर बसली होती, म्हशी न आणता.

बाबा डोलकाठी उतरवायला पुढे झाले. त्यांच्या आधी मी होडी ढकलली, उडी मारून आत गेले आणि शीड चढवलं.

वारा चांगला होता. सरळ, भरलेला, मार्चचा. होडी कलली आणि निघाली. मी मनात सगळं ठरवलं होतं, पत्रकातल्यासारखं. ते मला बाहेर बोलावतील, मी जाणार नाही. ते ओरडतील, मी ऐकणार नाही. माणूस पाण्यात असताना मलबा टाकता येत नाही. गर्दी जमेल, कुणी वार्ताहर येईल. ठेकेदार काठावर उभा होता, सफारी सूटमधला, हातात रुमाल. मी ओरडले, "मैं नहीं हटूँगी!"

तो हसला. वाईट हसला नाही, एखाद्या मामासारखा हसला. "हटने को कौन बोल रहा है, बेटी? चलाओ, चलाओ! बढ़िया चला रही हो." मग मागे वळून ट्रॅक्टरवाल्यांना म्हणाला, "बच्ची को खेलने दो. उधर पीपल वाली साइड से शुरू कर लो."

त्यांनी मला थांबवलंच नाही. मी या काठाला होते, त्यांनी त्या काठापासून सुरुवात केली. पहिली ट्रॉली उलटली तेव्हा पाणी विटकरी झालं आणि एक लाट माझ्यापर्यंत येऊन होडीला हलकेच लागली. मी शीड उतरवलं, पलीकडे नेलं, चढवलं, वळले. मला वळताना पाहून एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, "बस, थक गई छोरी," आणि शीड पुन्हा वर गेल्यावर त्याने कौतुकाने शिट्टी मारली. दुसरी ट्रॉली. मी पुन्हा तिकडे गेले, मलब्याच्या अगदी जवळ, की ते बिचकतील. ते थांबायचे, मी वळून जाईपर्यंत वाट बघायचे, सभ्यपणे, आणि मग ट्रॉली उलटवायचे. पिंपळाची मुळं आधी गेली. मग पिंपळापुढची उथळ जागा. मी दमत होते, हाताची सालटी निघाली होती, आणि होडी इतकी सुंदर चालत होती की मला तिचाही राग आला.

मग बाबा धावताना दिसले. काठाकाठाने, चपला हातात घेऊन, पँट चिखलाने भरलेली, भरावाच्या दिशेने. रामरती उठून उभी राहिली. मीही उभी राहिले, होडीत उभं राहू नये हे माहीत असून. आता ते ट्रॅक्टरपुढे जातील. आता ते हात आडवे करतील. ठेकेदारानेही रुमाल खिशात घातला.

बाबा भरावाच्या कडेवर पोचले, थांबले, पाण्याकडे वळले, आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन, खाडीपलीकडे हाक जावी अशा आवाजात ओरडले, "पाणी कमी झालंय गं इकडे! आता लवकर वळ!"

सल्ला अगदी बरोबर होता. मी लवकर वळले. आणि पुढच्या खेपेला त्याहूनही लवकर.